बंगालच्या कारागिरांचे काम खोट्या लेबलाखाली विकू देऊ नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवरात्र जवळ आले की आपल्या सोलापुरात साड्यांच्या आणि हस्तकलेच्या प्रदर्शनांचे फलक चौकाचौकांत लागू लागतात. मंगल कार्यालये आठवड्याच्या बोलीने भाड्याने घेतली जातात आणि ‘बंगाल कॉटन’, ‘कांथा वर्क’, ‘ढाकाई जामदानी’, ‘बालुचरी’ अशा पाट्यांखाली साड्यांचे ढीग पडतात. या ढिगांत फुलिया-शांतिपूरच्या विणकराने किंवा बीरभूमच्या एखाद्या बाईने स्वतःच्या हाताने केलेले काम फार थोडे असते. यंत्रावर काढलेले किंवा नुसते छापलेले कापडच त्या नावाने, आणि कित्येकदा हातकामाच्याच भावाने, खपवले जाते. ही गोष्ट आपल्या वाचकांच्या आणि प्रदर्शने भरवणाऱ्यांच्या नजरेस आणावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी साड्यांना फॉल-पिको आणि रफू करून देण्याचा व्यवसाय करते. माझे वडील शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, हातमागावर बसत, त्यामुळे ताणा (उभे दोरे), बाणा (आडवे दोरे), धोटा (बाणा इकडून तिकडे नेणारा), फणी, कांडी हे शब्द मी अक्षरओळखीच्या आधी शिकले. गिऱ्हाईक साडीची सुलटी बाजू पाहून पैसे मोजते; माझ्या हातात मात्र उलटी बाजू आधी येते, कारण फॉल तिथेच लावायचा असतो. गेल्या सणासुदीत एक ओळखीच्या ताई मुलीच्या साखरपुड्यासाठी घेतलेली टसरची साडी माझ्याकडे घेऊन आल्या. बिलावर ‘हँड कांथा’ असे स्वच्छ लिहिले होते आणि किंमतही हातकामाचीच लावली होती. साडी उलटली तर खाली बॉबिनचा दोरा सरळ सलग धावत गेलेला, आणि पदरावरच्या सगळ्या कोयऱ्यांतले टाके संख्येने आणि लांबीने तंतोतंत सारखे. त्यांना हे सांगताना मला फार जड गेले. दुसऱ्या दिवशी त्या बिल घेऊन गेल्या, तेव्हा ते प्रदर्शन उठून दुसऱ्या गावाला गेलेले होते.

ताईंचे पैसे गेले, हे नुकसान कोणालाही दिसते. ज्या बाईचे ते काम असायला हवे होते तिचे नुकसान मात्र कोणाच्या हिशेबात येत नाही. कांथा हे मुळात बंगालमधल्या घराघरांतल्या बायकांचे काम. जुन्या, धुवून मऊ झालेल्या साड्या आणि धोतरे एकावर एक अंथरायची, जुन्या साडीच्या काठांतून रंगीत दोरे ओढून काढायचे आणि साध्या धावदोऱ्याने त्या थरांवर कमळ, मासे, हत्ती, रथ, पालख्या उमटवायच्या. आपल्याकडच्या गोधडीशी आणि वाकळेशी त्याचे नाते सांगायला नकोच. आपल्या आज्यांनी फाटक्या लुगड्यांचे जे केले तेच तिकडच्या आज्यांनी केले, फक्त त्यांच्या सुईने चित्रे काढली. या साध्या टाक्याची एक खूण आहे. तो कापडाच्या आरपार जातो, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी दिसते, आणि टाक्यांच्या मधल्या जागेत कापडाला बारीक सुरकुती धरते, पाण्यावर वाऱ्याने उठलेल्या लहरींसारखी. माणसाचा हात असल्यामुळे टाके कुठे तांदळाएवढे, कुठे त्याहून किंचित लांब पडतात. संपूर्ण अंगभर भरलेली एक साडी पुरी व्हायला महिनेच्या महिने लागतात, आणि तेही घरचे सगळे आवरून उरलेल्या वेळात.

या कामाची किंमत फार आधी ओळखणाऱ्यांत गुरुसदय दत्त यांचे नाव घ्यावे लागेल. आय. सी. एस. अधिकारी म्हणून बंगालमध्ये बदलीच्या गावी फिरताना त्यांनी खेड्यापाड्यांतून कांथा, पट (गुंडाळी करून ठेवायची लांब चित्रे), लाकडी बाहुल्या आणि मातीच्या वस्तू गोळा केल्या. तो संग्रह कोलकात्याजवळ जोका येथे त्यांच्या नावाच्या संग्रहालयात आहे. अलीकडे कांथाकाम करणाऱ्या प्रीतिकणा गोस्वामी यांना २०२३ साली आणि तकदिरा बेगम यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. पश्चिम बंगालच्या नक्शी कांथ्याला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे त्या नावावर त्या प्रदेशातल्या कामाचाच हक्क आहे. एवढा मान असलेल्या कलेची नक्कल आपल्या गावात बिनदिक्कत विकली जाते आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही, हे मला खटकते.

जामदानीची गोष्ट तर विणकरांच्या गावातल्या माणसांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. ढाक्याच्या मलमलीवर बुट्टे विणण्याची ही रीत. तिच्यात नक्षीप्रमाणे ताण्याचे दोरे उचलून देणारी जकार्ड किंवा डॉबी ही मागावरची यंत्रणा नसते. विणकर प्रत्येक बुट्ट्याचा जादा दोरा छोट्या कांडीने, ताण्याचे दोरे बोटाने उचलून, त्या बुट्ट्यापुरताच आत घालतो आणि परत फिरवतो. मग जमिनीच्या, म्हणजे मूळ कापडाच्या, बाण्याचा धोटा टाकतो. मग पुन्हा बुट्टे. रुंद पन्ह्यावर दोघे जण शेजारी बसून हे करतात. कुठे कागदावरचा नक्षा ताण्याखाली धरतात, तर कुठे नुसत्या स्मरणावर विणतात. म्हणून खऱ्या जामदानीची उलटी बाजू स्वच्छ असते: दोरा बुट्ट्याच्या कडेवर वळून परत आलेला असतो. यंत्रमागावरच्या नकलेत जादा बाणा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धावतो आणि मधले लोंबते दोरे नंतर कात्रीने कापून टाकतात, त्यामुळे प्रत्येक बुट्ट्याभोवती कापलेल्या दोऱ्यांची केसाळ किनार राहते. ही किनार बोटाला लागते. डोळे मिटूनही ओळखता येते. ढाक्याच्या जामदानी विणकामाला २०१३ साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

फाळणीनंतर पूर्व बंगालमधून, विशेषतः टांगाइलच्या बाजूने, बसाक मंडळींची विणकर घराणी नदिया जिल्ह्यातल्या फुलियाला, तसेच समुद्रगड, धात्रीग्राम या गावांना येऊन राहिली. घर, जमीन, गिऱ्हाईक सगळे मागे राहिले. बरोबर आले ते हातातले काम. फुलियाचे विणकर बीरेनकुमार बसाक यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या साऱ्या घराण्यांच्या कष्टाला पावती मिळाल्यासारखे मला वाटले. पुढे २०२४ च्या सुरुवातीला ‘टांगाइल साडी’च्या मानांकनावरून भारत आणि बांगलादेश यांच्यात वाद झाला. त्या वादात बरोबर कोण हे मी सांगणार नाही, पण एका साडीच्या नावासाठी दोन देश भांडतात त्याच साडीची पॉलिस्टरची नक्कल इथे ‘बंगाल हँडलूम’ म्हणून विकली जाते, हे मात्र मला सांगायचे आहे.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जकार्ड दिसले की ते हातकाम नव्हे, असे काही जाणकार म्हणवणारे लोक सांगतात. सोलापूरकराने तरी असे म्हणू नये. आपल्या चादरीवरचे मोर आणि वेली जकार्डनेच उतरल्या आणि हातमागाच्या काळात ते जकार्ड पायाने आणि हाताने चालत असे. बालुचरीचेही तसेच आहे. मुर्शिदाबादजवळच्या बालुचर गावी नवाबांच्या काळात ही रेशमी साडी विणली जाई. पदरावर हुक्का ओढणारे सरदार, घोडेस्वार, पुढे पुढे आगगाडीत बसलेले साहेबसुद्धा विणलेले असत. तिकडची परंपरा दुबराज दास या अखेरच्या नामांकित विणकराबरोबर विसाव्या शतकाच्या आरंभी जवळजवळ संपली. स्वातंत्र्यानंतर चित्रकार सुभो ठाकूर यांच्या प्रयत्नांतून आणि अक्षयकुमार दास या विणकराच्या मेहनतीने ती बांकुडा जिल्ह्यातल्या बिष्णुपूरला पुन्हा उभी राहिली, ती जकार्डच्या आधारे. नक्षा कागदावर चौकटीत उतरवायचा, एकेका ओळीची छिद्रे पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर पाडायची, पत्ते शिवून माळ करायची आणि मग मागावर बसून एकेक बाणा ठोकायचा. हे सारे माणूस करतो. तेव्हा प्रश्न जकार्डचा नाही. माग विजेवर चालला की माणसाच्या बळावर, आणि विकणारा त्याबद्दल खरे बोलतो का, एवढाच प्रश्न आहे.

साड्यांबरोबर हल्ली या प्रदर्शनांत पितळी आणि मातीच्या वस्तूही येतात. ढोकऱ्याच्या मूर्ती त्यांत सर्वांना ठाऊक आहेत. बांकुड्याजवळचे बिकना आणि पूर्व बर्धमान जिल्ह्यातले दरियापूर ही या कामाची गावे. मातीचा गाभा करून वाळवतात. राळ, मेण आणि मोहरीचे तेल यांच्या मिश्रणाचे दोरे वळून त्यावर अंगाला अंग लावून गुंडाळतात, त्यातूनच दागिने, डोळे, बोटे घडवतात. वरून बारीक मातीचे लिंपण करतात. भट्टीत मेण वितळून निघून जाते आणि त्याच्या जागी पितळेचा रस भरतो. शेवटी वरचा साचा फोडावाच लागतो, म्हणून प्रत्येक वस्तूला नवा साचा लागतो आणि एकीसारखी दुसरी कधीच निघत नाही. मोहेंजोदडोची नर्तिका याच मेणओतीच्या तत्त्वावर घडली होती. आपल्याकडे मात्र एकाच मापाचे, एकाच चेहऱ्याचे पंचवीस ‘ढोकरा’ घोडे एका टेबलावर ओळीने मांडलेले दिसतात आणि आपण त्यांतला एक उचलून बैठकीत ठेवतो. बांकुड्यातल्याच पांचमुड्याच्या भाजलेल्या मातीच्या घोड्याची कथा वेगळी नाही. त्याचे पाय, धड, मान, मुंडके चाकावर वेगवेगळे काढून जोडतात, कान आणि शेपूट शेवटी खोचतात, आणि भट्टीतला धूर बाहेर सोडला की आत कोंडला यावर तो लाल होणार की काळा हे ठरते. एकेकाळी धर्मठाकुर या लोकदैवताला वाहायचा हा घोडा पुढे अखिल भारतीय हस्तकला मंडळाचे बोधचिन्ह झाला. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली काम सुरू करणारे ते मंडळ २०२० मध्ये केंद्र सरकारने बरखास्त केले, आणि त्याच सुमारास हातमाग मंडळही. कारागिरांना दिल्लीत आपले म्हणणे मांडण्याची जी एक जागा होती ती गेली. याबद्दल आपल्या विणकरांच्या शहरातूनसुद्धा फारसा आवाज उठला नाही, याचे मला वाईट वाटते.

पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातल्या पिंगला भागातील नया गावच्या पटुआंचाही उल्लेख करते. चित्रकार हे आडनाव लावणारी ही घराणी लांबलचक पट रंगवतात आणि तो उलगडत, चित्रावर बोट ठेवत, त्याचे गाणे गातात. त्यांतले बहुतेक धर्माने मुसलमान आहेत आणि मनसादेवीची, रामायणाची, दुर्गेची गाणी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच गळ्यात आहेत. रंग हळदीचा, गोकर्णीच्या फुलांचा, दिव्याच्या काजळीचा. खळ बेलफळाच्या डिंकाची. आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथीचे हे थेट भाऊबंद, आणि तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सर्वांनी आनंद व्यक्त केला. नयाच्या पटाची रंगीत छपाई करून ती ‘हँडपेंटेड’ म्हणून विकणे हा त्या गाण्याचाही अपमान आहे.

आता कोणी म्हणेल की बंगालच्या कारागिरांची काळजी सोलापूरने कशाला वाहावी. माझे उत्तर असे आहे की ही फसवणूक आपल्याइतकी दुसऱ्या कोणालाही कळणार नाही. सोलापुरी चादरीला आणि सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आणि तरीही परगावी तयार झालेली, मापाला अपुरी आणि वजनाला हलकी चादर ‘सोलापुरी’ म्हणून देशभर रस्त्यारस्त्यावर विकली जाते. आपले व्यापारी, विणकर, कामगार त्याविरुद्ध किती पोटतिडकीने बोलतात हे आपल्याच वृत्तपत्रातून आपण वाचले आहे. आपल्या चादरीसाठी जो न्याय मागतो तो फुलियाच्या साडीला आपल्याच अंगणात नाकारायचा, हे आपल्याला शोभत नाही.

मी यंत्रमागाच्या विरुद्ध नाही, हेही स्पष्ट करते. पूर्व भागातल्या हजारो घरांची चूल यंत्रमागावर पेटते, माझ्या सासरचीही त्यावरच पेटली. यंत्रावरची साडी स्वस्त आहे, टिकाऊ आहे, रोज नेसायला सोयीची आहे. ती यंत्रावरची म्हणून विका, मी स्वतः ती आनंदाने घेईन आणि तिला फॉलही लावीन. हातमाग कायद्याने १९८५ पासून ठरावीक प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले आहे आणि साडी त्यात आहे. त्या कायद्याचा मान कितपत राखला जातो हे या शहरात कोणाला वेगळे सांगायला नको. कायदा पाळणे ही मोठी गोष्ट झाली. निदान पाटीवर खरे लिहा, एवढी मागणी तरी छोटी आहे. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांहून अधिक विणकर आणि मागासंबंधीची कामे करणारे लोक मोजले गेले, आणि त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. आसामखालोखाल यांची मोठी संख्या पश्चिम बंगालमध्ये आहे. खोट्या पाटीचा मार या बायकांच्या मजुरीवर पडतो, कारण यंत्राच्या भावाशी हाताने झुंजायचे म्हटले की शेवटी कापली जाते ती मजुरीच.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. राज्यातल्या बहुतेक शहरांप्रमाणे आपल्या सराफीतही पेढ्यांच्या मागच्या खोल्यांत बंगाली कारागीर सोने घडवतात. हुगळी, हावडा, मेदिनीपूरकडची ही मुले कोवळ्या वयात घर सोडून येतात, फुंकणी आणि चिमटा घेऊन दिव्याच्या ज्योतीपुढे वाकून बसतात, तारेचे केसाएवढे वेटोळे वळून जाळीकाम करतात, आणि आपल्या लेकीसुनांच्या अंगावरचा कितीतरी दागिना त्यांच्या हातचा असतो. पेढीवर नाव सराफाचे असते. घडवणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही. अलीकडे तर बंगाली बोलणारा माणूस दिसला की त्याच्याकडे संशयाने पाहण्याची वाईट सवय आपल्याकडे लागली आहे. कागदपत्रे तपासणे पोलिसांचे काम आहे आणि ते त्यांनी कायद्याने करावे. पण भाडेकरू म्हणून खोली नाकारणे, रस्त्यात अडवून ‘कुठला रे तू’ म्हणून दरडावणे हे नागरिकांचे काम नव्हे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी ज्या शहराला वैभव दिले, त्या शहराने परप्रांतातून आलेल्या कारागिराला कसे वागवावे हे कोणी शिकवण्याची गरज पडू नये.

प्रदर्शने भरवणाऱ्या संस्थांकडे आणि सभागृहे भाड्याने देणाऱ्यांकडे माझी मागणी अशी आहे की हातमागाचे आणि यंत्राचे कापड वेगवेगळ्या टेबलांवर, ठळक पाटीसह ठेवल्याशिवाय जागा देऊ नये. २००६ पासून हातमागाच्या कापडासाठी हँडलूम मार्क आहे, रेशमासाठी सिल्क मार्क आहे, अनेक बंगाली कलांना भौगोलिक मानांकन आहे. ज्याच्याकडे यांतले काही आहे त्याला पुढची जागा द्यावी आणि भाड्यात सवलत द्यावी. फुलियाचा एक विणकर, नयाचे एक चित्रकार जोडपे, बिकन्याचा एक ओतारी यांना प्रवासखर्च देऊन बोलवावे आणि प्रत्यक्ष काम करायला बसवावे. एक छोटा माग मांडायला सभागृहाचा कोपरा पुरतो. विकणाऱ्याने बिलावर ‘हातकाम’ लिहिले तर त्याचा कायमचा पत्ता आणि ज्या गावात, ज्या गटाकडून माल घेतला त्याचे नाव त्याच बिलावर लिहिण्याची सक्ती करावी. म्हणजे प्रदर्शन उठून गेले तरी फसलेल्या गिऱ्हाइकाला ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी हातात काहीतरी राहील.

भगिनींना माझे सांगणे एवढेच की पैसे देण्याआधी साडी उलटून पाहा, आणि खरे हातकाम मिळाले तर त्यात घासाघीस करू नका. सहा महिने सुई चालवलेल्या बाईच्या मजुरीतून पाचशे रुपये कमी करून घेण्यात कसली हुशारी नाही. आपल्या दुकानदारांतही अनेक जण प्रामाणिक आहेत. यंत्रावरची साडी यंत्रावरचीच म्हणून सांगणारे दुकानदार मला माहीत आहेत, आणि गिऱ्हाइके त्यांच्याकडे मी स्वतः पाठवते.

आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती आहे. ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन. १९०५ साली याच तारखेला कलकत्त्याच्या टाउन हॉलमधून स्वदेशीची घोषणा झाली, म्हणून २०१५ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी मान्यवरांच्या शुभेच्छा आपण छापताच. या वर्षी नवरात्रापूर्वी आपल्या एखाद्या वार्ताहराला शहरात लागणाऱ्या प्रदर्शनांत पाठवावे, प्रत्येक ‘हातकामाची’ साडी उलटून तिच्या मागच्या बाजूचे छायाचित्र घ्यावे आणि कोणत्या पाटीखाली काय विकले जाते ते गावाला दाखवावे. कापड ओळखायला मदत लागली तर पूर्व भागात आजही हातमागावर आयुष्य घालवलेली वडीलधारी माणसे आहेत, आणि मीही यायला तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक नियमित वाचक,
अशोक चौक परिसर, सोलापूर